तुम्ही विचारलंत म्हणून: मागचा टायर अजून शंभरचाच का?

"एवढे फिरता, मग मागे हा बारीक टायर कशाला ठेवलाय?" पंपावर विचारतात, टपरीवर विचारतात, ऑफिसच्या पार्किंगमध्ये नवीन पोरं विचारतात. माझी 2011 ची पल्सर 150 आहे, कंपनीने 100/90-17 दिलेला, म्हणजे रुंदी 100 मिलिमीटर, उंची तिच्या 90 टक्के आणि रिम 17 इंची; आजही तोच साइज आहे. आजवर मी "कंपनीने दिलाय तोच बरा" म्हणून विषय संपवत आलो. पण ते उत्तर अर्धंच आहे, आणि अर्धं उत्तर दिलं की समोरचा मला घाबरट तरी समजतो किंवा कंजूष तरी. म्हणून एकदा पूर्ण सांगतो.

मी 140/60 वापरलाय. पूर्ण अकरा महिने. त्यामुळे मागून गाडी कशी भरलेली दिसते हे मला कुणी समजावू नका, मला माहीत आहे, मी गाडी लावून चार पावलं पुढे जायचो आणि परत वळून बघायचो. 2008 ला यामाहाची एफझेड आली तेव्हापासून तो 140 माझ्या डोक्यात होता. आमच्या भागात तोपर्यंत एवढ्या छोट्या इंजिनाच्या गाडीला तसला टायर कुणी बघितलाच नव्हता. तो आवडला यात माझं काही चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही. आवडलं ते आवडलं.

पण एफझेडचं रिम त्या टायरसाठी रुंद केलेलं होतं, चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्या, त्या हिशोबाने होता. यामाहाच्याच आर15 चं बघा, पहिल्या मॉडेलला मागे 100/80 होता, 2011 च्या दुसऱ्या मॉडेलला 130/70 आला, पण सोबत रिमही रुंद झालं आणि चिमटाही बदलला. माझं रिम अडीच इंचाच्याही आतलं. त्यावर 140 चढवला की टायरच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगून टोकदार होतो. म्हणजे पैसे रुंदीचे दिले आणि रस्त्याला टेकायला मिळाली मधली पट्टी. माझ्या टायरचा मध्य आठ महिन्यांत गुळगुळीत झाला होता आणि कडेचे रबराचे केस तसेच होते. वळणात गाडी आधी झुकायलाच तयार नसायची आणि मग एकदम आत पडायची. मी सगळ्यांना सांगायचो की ग्रिप जबरदस्त वाढली. खोटं नव्हतो बोलत, मला खरंच तसं वाटायचं. नंतर कळलं की वजन तेच आणि हवा तेवढीच असेल तर जमिनीला टेकणारं क्षेत्र साधारण तेवढंच राहतं, रुंद टायरमध्ये ते फक्त आडवं पसरतं. आणि त्याच वेगात तेच वळण घ्यायला रुंद टायरवर गाडी थोडी जास्तच झुकवावी लागते.

एवढंच असतं तर मी आज 140 वरच असतो. मायलेज पन्नासचं चव्वेचाळीसवर आलं ते मी सोसलं. मूळ टायरपेक्षा व्यास जवळजवळ 12 मिलिमीटरने कमी, म्हणजे गाडी मागून 6 मिलिमीटर खाली बसली, तेही चाललं.

खरं कारण पसरणी घाट आहे.

टायर बसवताना डाव्या बाजूला तो चेनगार्डला घासत होता. बसवणाऱ्याने विचारलं, कापू का? मी म्हटलं कापा. गार्डची आतली पट्टी ग्राइंडरने उडवली, मग चेन आणि टायर यांच्यात माझ्या करंगळीचं नख जाईल एवढी जागा राहिली. गाडी स्टँडवर असताना राहिली. तेव्हा मी चाक हाताने फिरवून बघितलं, कुठे लागत नाही बघून खूश झालो. माणूस मागे बसला की चिमटा वर-खाली होतो, खड्ड्यात चेन उसळते, हे कुठे डोक्यात होतं.

दुसऱ्या महिन्यात चिमट्यावर काळी भुकटी दिसायला लागली. बोटाला लागायची, काजळासारखी. मी पुसायचो. टायरच्या डाव्या अंगाला एक चकचकीत रेघ उमटली होती, गोल, सगळ्या चाकाला फिरून आलेली. ती मी बघितली होती. हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली, मी ती रेघ बघितली होती आणि पुढच्या पगाराला बघू म्हणून सोडली होती.

आप्पांना घेऊन पाचगणीहून उतरत होतो. पाऊस नव्हता, रस्ता कोरडा, वेग पस्तीस-चाळीस, खाली वाई दिसत होती. मागे आप्पा, बाजूला बांधलेली पिशवी. एका खड्ड्यात मागचं चाक आपटलं, टरर्र असा आवाज आला आणि मागून कुणीतरी गाडी धरून हलवावी तशी ती लहरायला लागली. टायरची बाजू फाटून आतली ट्यूब गेली होती. मी ब्रेकला हात लावला नाही, हँडल सरळ धरलं, तरी शेवटी डावीकडे पडलोच. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आप्पांनी पडताना डावा हात टेकला.

मनगट दोन ठिकाणी मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आप्पा आमच्या गावच्या भजनात तीस वर्षं पखवाज वाजवत होते. कणीक लावतात ती डावी बाजू, तिथे पंजा दाबून घुमारा काढायचा असतो, ते मनगट आता तेवढं वळत नाही. अजून बसतात एकादशीला, पण टाळ घेऊन.

आप्पांना अजून वाटतं खिळा घुसला होता. मीच तसं सांगितलं त्या दिवशी.

नंतर गाडी दाखवली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, चेन ढिली होती, टायरचा दोष नाही. मी हे वाक्य बरेच दिवस धरून बसलो होतो. चेन ढिली होती हे खरंच आहे, दोन बोटं खाली-वर होत होती. मग वाटतं, वेळेवर ताणली असती तर 140 निभावला असता का? पुढे हेही वाटतं की शंभरचा टायर असता तर ढिली चेनसुद्धा त्याच्यापर्यंत पोचली नसती. हा हिशोब मी शेकडो वेळा केलाय, दर वेळी उत्तर वेगळं येतं.

म्हणून मला "120 टाकू का" विचारलं तर मी नाही म्हणत नाही. रिमवर रुंदीचा आकडा कोरलेला असतो तो वाचा, टायर कंपनीच्या तक्त्यात तो टायर त्या रिमला चालतो का बघा, आणि जागा मोजायचीच तर गाडीवर दोन माणसं बसवून मोजा. चेनगार्ड कापायची वेळ आली तर तिथेच थांबा. यावर मी वाद घालणार नाही, घातला तर माझा आवाज चढतो.

मागच्या महिन्यात टायर संपला. दुकानदाराने 110/80-17 काढून ठेवला होता. उंची जवळपास तेवढीच, फरक 4 मिलिमीटरचा, रिमला चालणारा. त्याने टायर उभा करून चाकाला लावून दाखवला. मी चेनच्या बाजूने बोट घालून बघितलं, जागा भरपूर होती. परत एकदा बघितलं. पैसे मोजून हातात होते.

शंभरचाच द्या म्हटलं.