शाल नंतर, आधी प्रश्न

पीएच.डी.च्या व्हायव्हाचा, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेचा, आपल्याकडे एक साचा पडून गेला आहे. गाइडच्या ओळखीतले एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, येतात, शाल-श्रीफळ होतं, दोन-चार प्रश्न होतात आणि पेढे वाटले जातात. मला हे लागतं. जुन्या कागदांच्या दफ्तरखान्यात बसून वर्षानुवर्षं डोळे फोडून लिहिलेला प्रबंध कुणीतरी शब्दन् शब्द वाचावा, एवढा तरी त्या मुलांचा हक्क आहे.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांप्रमाणे प्रबंध विद्यापीठाबाहेरच्या दोन तज्ज्ञांकडे जातो. शक्य असेल तिथे त्यांतला एक परदेशातला असावा, असंही त्यात आहे. ‘शक्य असेल तिथे’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी ते शक्य नसतंच. पण आमच्या इतिहास विभागातल्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध वाचला आणि हा ओळखीपाळखीत उरकायचा नाही, हे मी ठरवून टाकलं. विषय होता पेशवेकाळातल्या वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या, तंट्यांमधल्या बायका. पुण्याच्या पुराभिलेखागारातले रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची कापडात बांधलेली गाठोडी, तिने स्वतः सोडून पाहिले होते, मोडी लिपी स्वतः लावली होती.

परदेशात मराठ्यांचा इतिहास शिकवणाऱ्या एक नामवंत प्राध्यापक बाई त्या वर्षी कागद पाहायला पुण्यात मुक्कामाला होत्या. परीक्षकांच्या यादीत त्यांचं नाव घातलं, कुलगुरूंनी तेच निवडलं, अहवालही उत्तम आला. मग पीएच.डी. सेक्शनमधून विचारणा झाली, “मॅडम, व्हायव्हा ऑनलाइनच घ्या ना, नियमात बसतं.” बसतं, हे खरं. पण कागदाच्या प्रती टेबलावर पसरून बोलायचं तर माणूस समोर हवा. प्रवासखर्चाच्या फायलीवर टिपणांमागून टिपणं चढली, पण मंजुरी मिळाली.

त्या दिवशी सभागृह भरलं होतं. मुलीचे आईवडील गावाहून आले होते. आम्ही सत्काराला उभे राहिलो तेवढ्यात बाई मराठीतच म्हणाल्या, “शाल नंतर. आधी प्रश्न.” त्यांच्या हातातल्या प्रबंधातून पिवळ्या चिठ्ठ्यांचा नुसता झुपका बाहेर आला होता.

पहिला प्रश्न एका तारखेचा. मूळ कागदावर रमजानची तारीख आणि सन ‘सलास सितैन मया व अलफ’, म्हणजे मराठी दफ्तरांत चालणाऱ्या सुहूर कालगणनेतलं ११६३. “तुम्ही १७६३ लिहिलंत. १७६२ का नाही?” मुलगी जराही अडखळली नाही. “सुहूर सन मृगाला बदलतो. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरचा असेल तर ६००. त्या साली रमजान मार्च-एप्रिलात आला होता, म्हणून १७६३.” बाई म्हणाल्या, “आणि त्याने काय फरक पडतो?” ती म्हणाली, “पडतो ना. त्यानंतर लवकरच निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं. कागदातली ही बाई आपला कागद करून घेते आहे तो त्याच्या आधी, घाबरून पळापळ सुरू झाल्यावर नव्हे.”

मग त्यांनी एका महजराची, म्हणजे गावसभेच्या निवाड्याच्या कागदाची, मोठी प्रत पुढे सरकवली. खाली गावकऱ्यांच्या निशाण्या. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, आणि एका कोपऱ्यात छोटंसं वर्तुळ: बांगडी. त्या काळी कागदावर बाईची निशाणी बांगडी असे. बाईंनी बोट ठेवलं. “ही कुणी काढली? तिने, की कारकुनाने?”

सगळ्या प्रबंधाचा भार खरं तर या वर्तुळावर होता. तिने काढली असं म्हटलं असतं तर ऐकायला छान वाटलं असतं. मुलीने भिंग मागून घेतलं. “बोरूची जाडी बघा मॅडम. वरच्या ओळीचीच आहे, शाईही तीच. नांगरही त्याच हातचा दिसतो. म्हणून ही तिने स्वतः केलेली सही असं मी कुठेच लिहिलेलं नाही. पंचांसमोर ती हजर होती आणि तिची संमती नोंदवणं गावाला भाग पडलं, एवढंच या कागदावरून म्हणता येतं.”

“मग जिथे बांगडी नाही, तिथे बाई हजर नव्हती का?”

इथे ती थांबली. थोडा विचार करून म्हणाली की तसं म्हणता येणार नाही, मुलाच्या किंवा दिराच्या नावामागेही बाई असू शकते, आणि तो शोध तिने या प्रबंधात घेतलेला नाही. बाईंनी मान डोलावून वहीत काहीतरी लिहिलं. मागच्या रांगेतली पीएच.डी.ची मुलं खुर्च्या सोडून टेबलाभोवती येऊन उभी राहिली होती. एवढी मन लावून चाललेली मौखिकी मी आमच्या सभागृहात पाहिली नव्हती.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर समितीने पदवीची शिफारस केली. शाल त्यानंतर दिली गेली. बाईंनी दुरुस्त्यांची लांबलचक यादी मुलीच्या हाती ठेवली आणि तो अनुत्तरित प्रश्न घेऊन आधी एक लेख लिही, पुस्तकाचं मग बघू, असं बजावलं.

मी आता विद्यापीठाला प्रस्ताव दिला आहे: दरवर्षी प्रत्येक विभागातल्या सर्वांत सरस प्रबंधाच्या व्हायव्हाला बाहेरचे नावाजलेले अभ्यासक प्रत्यक्ष बोलवावेत आणि त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद असावी. फाइल वित्त विभागात आहे. तिचा पाठपुरावा मी सोडणार नाही.