तुलना कुणाशी?

रविवार, रात्री

‘तुलना करू नकोस’ हा सल्ला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत राहून पाळणं शक्यच नाही. अभ्यासिकेत शेजारची किती वाजता येते, टेस्टमध्ये कुणाला किती पडले, हे न विचारता कानावर येतं. आणि ते यावंही, असं मला वाटतं. बघायचं एवढंच की आपण स्वतःला कुणाशेजारी उभं करतोय.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून टॉपरच्या उत्तरांच्या झेरॉक्स सगळीकडे फिरतात. काल माझ्या रूममेटने पंचायत राजवर लिहायला बसण्याआधी तशी एक वाचली. मोत्यासारखं अक्षर, मधोमध आकृती, खाडाखोड औषधालाही नाही. मग तिने प्रस्तावनेच्या दोन ओळी लिहिल्या आणि पेन ठेवलं. “ताई, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.”

हीच मुलगी मध्यंतरी आमच्या ग्रुपमधल्या एकीची वही तपासत होती. त्यात महिला आरक्षणापुढे घटनेचं कलम ‘२४३ जी’ खोडून ‘२४३ डी’ केलेलं, राहिलेला मुद्दा समासातून बाण काढून आत घुसवलेला, शेवट घाईघाईत उरकलेला. ती वही बाजूला ठेवून हिने मेसला जाण्याआधी स्वतःचं उत्तर पुन्हा लिहून काढलं. कुणी सांगितलं नव्हतं.

टॉड रॉजर्स आणि ॲव्ही फेलर या संशोधकांचा २०१६ मधला अभ्यास याच्या अगदी जवळ जातो. एका ऑनलाइन कोर्समध्ये विद्यार्थी एकमेकांचे निबंध तपासत होते. ज्यांच्या वाट्याला फार उत्तम निबंध आले, त्यांच्यात कोर्स मध्येच सोडणारे जास्त निघाले. सगळेच असं लिहितात, असा त्यांचा समज झाला होता. झेरॉक्स वाचणाऱ्या पोरीलाही तसंच वाटत असणार.

आणि वेळेचं काय? लॉकवूड आणि कुंडा या संशोधकांनी १९९७ च्या अभ्यासात कॅनडातल्या अकाउंटिंगच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच शाखेतल्या एका अतिशय यशस्वी विद्यार्थ्याबद्दल वाचायला दिलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हुरूप आला, शेवटच्या वर्षाच्या मुलांना मात्र तसा हुरूप आला नाही. एकाकडे अजून वर्षं शिल्लक होती, दुसऱ्याकडे नव्हती. निकालानंतर शास्त्री रोडवर अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात तेव्हा हेच दिसतं. गावाहून नुकताच आलेला मुलगा थांबून फोटो काढतो. वयोमर्यादेला टेकलेला दादा मान खाली घालून पुढे जातो. त्याला कुणी आळशी म्हटलं की मला फार लागतं.

म्हणून निवड झालेल्या ताई-दादांना माझी कळकळीची विनंती आहे. सत्काराला याल तेव्हा शेवटची उत्तरपत्रिका आणाच, पण ज्या वर्षी यादीत नाव नव्हतं त्या वर्षीच्या सरावाच्या वह्याही आणा. लाल शेऱ्यांसकट. आम्हाला त्या हातात घेऊन वाचायच्या आहेत.