पाचवा घाणा : जाळीचा नाद सोडला

ज्वारी घातली की मॅश टनची, म्हणजे धान्याचा भरडा गरम पाण्यात मुरवून गाळायच्या भांड्याची, तोटी तुंबते, हे रडगाणं मागच्या दोन नोंदींत गाऊन झालंय. परवाच्या पाचव्या घाण्यात ती तुंबली नाही. मधल्या काळात काय काय केलं ते लिहून ठेवतो, म्हणजे मी ज्या क्रमाने पैसे घातले त्या क्रमाने तुम्ही घालणार नाही.

नवीन मंडळींसाठी एवढंच, की मी वॉर्टच्या, म्हणजे त्यातून गाळून निघणाऱ्या गोड पाण्याच्या, पुढे जात नाही. १९४९चा दारूबंदी कायदा आपल्याला लागू आहे, त्यामुळे यीस्टला घरात प्रवेश नाही. वॉर्ट आटवून काकवीसारखा माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) पाक करतो. अमेरिकेतला भाचा याच मापाने बिअर करतो, त्याला तिथे मुभा आहे. पण गाळण्यापर्यंतचं आम्हा मामा-भाच्याचं दुखणं एकच.

माझा मॅश टन म्हणजे लग्नात थंड पाण्याचा जार येतो ना, दुहेरी भिंतीचा, तोटीवाला, तोच. २० लिटरचा. ६६ अंशांवर झाकण लावलं तर तासाभरात जेमतेम दीड अंश उतरतो. धुळ्याच्या मे महिन्यात तेवढाही नाही. आतली भिंत एका जागी किंचित फुगली आहे, त्यामुळे उकळतं पाणी थेट ओतणं बंद केलंय. पण जारचं तोंड तळापेक्षा अरुंद, म्हणून फॉल्स बॉटम (तळाशी बसवायची भोकांची चकती) पहिल्याच दिवशी बाद. तळाएवढी चकती आत जात नाही. मोदकपात्राची चाळणी टाकून पाहिली, तर कडेच्या फटीतून अर्धा भरडा खाली.

मग सुचलं ठिबक. खान्देशात राहून दुसरं काय सुचणार! शेतातल्या स्क्रीन फिल्टरची जुनी जाळी होती, १२० मेशची, म्हणजे १३० मायक्रॉन. जी जाळी विहिरीचं पाणी गाळते ती वॉर्ट का नाही गाळणार? अर्धा लिटर आला, मग धार, मग थेंब, मग काहीच नाही. जाळी बाहेर काढली तर तिच्यावर पिठाचा गिलावा, बोटाने खरवडावा असा. तेव्हा भाच्याचं म्हणणं डोक्यात शिरलं: मामा, जाळी गाळत नाही, टरफल गाळतं. जाळीचं काम फक्त टरफलं अडवून धरायचं. टरफलांचा थर बसला की तोच गाळणी. जाळी बारीक घेतली की थर बसायच्या आधी पीठच तिची भोकं बुजवतं.

तिसऱ्या घाण्याला वॉशबेसिनची स्टील जाळीची कनेक्शन पाइप घेतली. दोन्ही टोकं कापली, आतली रबरी नळी ओढून काढली, एक टोक दुमडून बंद केलं, दुसरं तोटीला. नुसत्या जवाच्या माल्टवर हिने झकास काम दिलं. घेताना एक बघा, काही पाइपांची जाळी ॲल्युमिनियमची किंवा नायलॉनची असते. चुंबक लावून कळत नाही, कारण चांगलं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमही नाही. एक तार सोडवून वाकवून बघा, ॲल्युमिनियम बोटांतच लोळतं.

चौथ्या घाण्यात ३ किलो माल्ट आणि १ किलो दादर ज्वारी. ज्वारीचा स्टार्च जवाच्या मॅशच्या तापमानाला नीट फुलत नाही, म्हणून भरडा ४ लिटर पाण्यात शिजवून आधी घाटा केला. माल्ट ८ लिटर पाण्यात ५२ अंशांवर होतं, त्यात ९५ अंशांचा घाटा ओतला आणि थर्मामीटर बरोब्बर ६६ वर थांबला. मी खूश. तोटी उघडली आणि दोन लिटरनंतर शांतता. ज्वारीला टरफल नाही, वरून घाटा चिकट, आणि मी तोटी सताड उघडलेली. ओढीने थर खाली दबला आणि जाळीची नळी चपटी झाली. शेवटी सगळं पातेल्यात उपसून पंचातून पिळलं. आई बघत होती. "घाटा करना व्हता ते इतला पसारा कसाले?"

पाचव्यात तीन गोष्टी बदलल्या, आणि नेमकी कुठली कामी आली ते छातीठोक सांगणार नाही. पहिली म्हणजे भरड. गिरणीवाला माल्टचं पीठच करून देतो, म्हणून जात्याची वरची तळी जरा उचलून घरीच भरडलं. भरडण्याआधी माल्टवर वजनाच्या दोन टक्के पाणी शिंपडून पंधरा मिनिटं ठेवलं. टरफल चिवट होतं, दाणा फुटतो पण टरफल जवळपास अख्खं राहतं. हे फुकटचं काम, आणि मी सगळ्यात शेवटी केलं. दुसरी गोष्ट नवापूरच्या भातगिरणीतून आणलेला साळीचा तूस, दोन मुठी, गरम पाण्यात धुऊन मॅशमध्ये मिसळला.

तिसरी गोष्ट सीपीव्हीसी. गिझरच्या लाइनीचा अर्ध्या इंचाचा पाइप, ९३ अंशांपर्यंत चालतो. साधा पांढरा पीव्हीसी घेऊ नका, गरम पाण्यात मऊ पडतो. चौकोनी सांगाडा केला, हॅक्सॉने दर सेंटीमीटरला खाचा दिल्या, खोली पाइपच्या निम्म्याहून कमी, तोंड खाली. जोड चिकटवले नाहीत, नुसते दाबून बसवले, म्हणून हात घालून जारच्या आतच जोडता येतो आणि धुवायला सुटतो. खाचांचा चुरा मात्र नीट काढा, माझ्या पहिल्या तांब्यात तो तरंगत होता.

तोटी पाव उघडली. पहिले तीन लिटर गढूळ, ते थरावर हलक्या हाताने परत ओतले, खाली ताटली धरून, म्हणजे खड्डा पडत नाही. चौथ्या लिटरला धार चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी लख्ख. मग ८ लिटर पाणी ७६ अंशांचं, ढवळून, दहा मिनिटं थांबून, पुन्हा तसंच गढूळ ते परत ओतून गाळलं. बॅच स्पार्जमुळे, म्हणजे धुवायचं पाणी एकदम ओतून ढवळल्यामुळे, पाणी एका वाटेने पळण्याची चिंता नाही. शिंपडत धुणाऱ्यांनी खाचा तळभर सारख्या पसरतात का ते बघावं.

हाती आलं १५ लिटर, हायड्रोमीटरवर घनता १.०४८. चुलीवर कढईत आटवायला संध्याकाळ झाली, पाक सव्वादोन किलोच्या आत-बाहेर. चोथा शेजारच्या म्हशीला.

तोटी तळापासून दोन बोटं वर असल्याने सव्वा लिटर वॉर्ट अजून जारमध्येच राहतं. सहाव्या घाण्यात आत एक एल्बो खाली वळवून बघतो, आणि दादर दीड किलो.