करवतीच्या रेघा ठेवलेला दगड : माझा अनुभव

अंगण आणि पाच पायऱ्यांसाठी ग्रॅनाइटचा दगड घ्यायचा ठरला, तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती : पॉलिश नको. ओल्या गुळगुळीत पायरीवर आईचा पाय सटकला होता, ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हललेलं नाही. आर्किटेक्ट मॅडम म्हणाल्या, "मग सॉन-कट बघा." म्हणजे दगडाचा ब्लॉक करवतीतून कापून निघतो त्यानंतर त्याच्या पृष्ठभागावर काहीच करायचं नाही. घासायचा नाही, पॉलिश करायचा नाही, टाकीही लावायची नाही. करवतीने जो पृष्ठभाग दिला तोच शेवटचा.

फ्लेम फिनिशचाही विचार केला होता. त्यात ग्रॅनाइटवर ज्योत फिरवतात. आतलं क्वार्ट्‌झ तापून झपाट्याने फुगतं, ५७३ अंश सेल्सियसला त्याची रचनाच बदलते, आणि वरचे कण टणाटण उडून खडबडीत पोत तयार होतो. पकड उत्तम मिळते. पण त्या धक्क्याने पातळ लादीला तडे जाऊ शकतात, आणि आई घरात-अंगणात अनवाणी वावरते, तिला तो टोचरा पृष्ठभाग नको होता. सॉन-कट दोन्हींच्या मधला. हात फिरवला तर बारीक सँडपेपरसारखा लागतो, पाऊल धरून ठेवतो, पण बोचत नाही.

पहिला धक्का रंगाचा बसला. दुकानात पॉलिश केलेला तुकडा गडद करडा होता, तोच दगड सॉन-कटमध्ये पांढुरका दिसला. मला वाटलं दुसराच दगड दाखवताहेत. कारण साधं आहे : खरखरीत पृष्ठभागावर उजेड सगळीकडे विखुरतो, त्यामुळे रंग फिका दिसतो. पाणी ओतलं की बारीक खळगे भरतात आणि मूळ रंग वर येतो. म्हणून मी सॅम्पलचा अर्धा भाग ओला केला, अर्धा कोरडा ठेवला आणि तो तुकडा उन्हात, सावलीत, संध्याकाळी असा तीन वेळा बघितला. पावसात अंगण कसं दिसेल आणि उन्हाळ्यात कसं, हे एकाच तुकड्यात कळलं. हे प्रत्येकाने करावंच.

आता रेघांबद्दल. करवतीवर बरंच काही अवलंबून असतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. गोल पात्याने कापलं की लादीवर कमानीसारख्या रेघा उमटतात. हिऱ्याचे मणी ओवलेल्या तारेने, म्हणजे वायर सॉने कापलं की बारीक, किंचित लाटेसारखे पट्टे दिसतात. आणि गँगसॉमध्ये अनेक पाती एकदम पुढे-मागे सरकत असतात, तिथे लांबच लांब समांतर माग राहतो. ग्रॅनाइटसाठीच्या जुन्या पद्धतीच्या गँगसॉमध्ये पात्याला हिरा नसतोच. पाणी, चुना आणि पोलादाचे बारीक दाणे यांचा गाळ वरून सोडत राहतात. कापतात ते दाणे, पातं फक्त त्यांना रेटतं. ही युक्ती फार जुनी आहे. गिझाला खुफूच्या पिरॅमिडशेजारच्या मंदिरात बेसॉल्टची फरशी आहे, तिच्या काही दगडांवर करवतीच्या खुणा अजून दिसतात. तेव्हाच्या करवती तांब्याच्या, आणि तांबं बेसॉल्टला कापूच शकत नाही; दगड कापला तो करवतीखालच्या वाळूने. साडेचार हजार वर्षांनंतरही त्या रेघा बोलतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण हेच पोलादी दाणे माझ्या अंगणात आले.

सॅम्पल मी महिनाभर पाण्याच्या बादलीत ठेवून पाहिलं होतं, एक डागही आला नव्हता. माल आला, लाद्या उभ्या रचून ठेवल्या आणि तिसऱ्या रात्री पाऊस पडला. दोन दिवसांनी पाहते तर फिकट करड्या दगडावर जागोजाग नारिंगी ठिपके. मोहरीएवढे, काही ठिकाणी ओघळही. पुरवठादार फोनवर म्हणाला, "मॅडम, नैसर्गिक दगड आहे, असं होतंच." मला ते पटेना. दगडातलंच लोह गंजत असेल तर डाग काळ्या कणांच्या आजूबाजूला, आतून आल्यासारखे दिसायला हवेत. इथे ठिपके वरवर होते, आणि सगळे करवतीच्या मागाच्या ओळीत बसलेले. लादीच्या कडेला वाळलेला राखाडी गाळ नखाने खरवडला, कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक त्यावरून फिरवलं. कागदाला काळे बारीक कण चिकटून उभे राहिले. मी त्याचा फोटो काढून पाठवला. मग कबुली मिळाली : सॅम्पल वायर सॉचं होतं, माल गँगसॉचा, आणि गाळ नीट न धुताच लाद्या लॉरीत चढल्या होत्या. गाळात चुना असेपर्यंत दाणे गंजत नाहीत, पावसाने चुना वाहून गेला की गंज सुरू.

आमचे मिस्त्री अनुभवी माणूस. ते म्हणाले, "ताई, ॲसिडने धुऊन देतो, दोन मिनिटांत जाईल." मी म्हटलं, थांबा मामा, आधी तुटक्या तुकड्यावर. बरं केलं. हायड्रोक्लोरिक ॲसिडने ठिपका गेला, पण तिसऱ्या दिवशी त्या अर्ध्या भागावर पिवळट झाक आली. ग्रॅनाइटमध्ये काळा अभ्रक असतो, त्यातलं लोह ॲसिड मोकळं करतं. संगमरवर किंवा चुनखडीचा दगड असता तर पृष्ठभागच फसफसून खाल्ला गेला असता. शेवटी जोराच्या पाण्याने धुणं, नायलॉनचा ब्रश आणि उरलेल्या ठिपक्यांवर ऑक्झॅलिक ॲसिडचा लेप, पुन्हा भरपूर पाणी, असं करून बहुतेक लाद्या स्वच्छ झाल्या. तारेचा ब्रश मुद्दाम वापरू दिला नाही. त्याचेच कण दगडात अडकतात आणि पुन्हा गंजतात. अकरा लाद्यांवरचे ठिपके काही केल्या निघेनात, त्या लाद्या बदलून घेतल्या. बदलीच्या ऑर्डरवर मी लिहून घेतलं की सॅम्पल आणि माल एकाच पद्धतीने कापलेला असेल. हे वाक्य पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला हवं होतं.

बसवताना दिशेवरून थोडी वादावादी झाली. "रेघा कोण बघतो, ताई?" असं मामांचं म्हणणं. अंधार पडल्यावर मी दोन लाद्या शेजारी ठेवल्या, एकीच्या रेघा आडव्या, दुसरीच्या उभ्या, आणि टॉर्च जमिनीलगत आडवा धरला. एक लादी उजळ, दुसरी काळपट. जणू दोन वेगळ्या खाणींतून आल्या होत्या. मामा उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा प्रत्येक लादीच्या कडेवर त्यांनी स्वतः खडूने बाण काढून ठेवले होते.

जाडीचंही बघावं लागतं. पात्याचा जरासा कल गेला तरी ३० मिमीची लादी एका टोकाला २८ आणि दुसऱ्या टोकाला ३१ भरते. म्हणजे जवळजवळ एका सुताचा फरक. पॉलिशच्या वेळी घासताना तो थोडाफार निघून जातो, सॉन-कटमध्ये तसाच राहतो. मामांनी जाड लाद्या एकीकडे, पातळ दुसरीकडे लावल्या आणि खालच्या थरात फरक भरून काढला. चार कोपऱ्यांवर मसाल्याचे गोळे ठेवून लादी टेकवायची नाही, खाली पूर्ण भरलेला थर हवा, आणि बसल्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकून पोकळ आवाज येत नाही ना, ते बघायचं. फिकट दगड असल्याने पांढरा अ‍ॅडहेसिव्ह घेतला. राखाडी सिमेंटची ओल चढली की लादीच्या कडांनी फोटोच्या चौकटीसारखी काळी किनार उमटते, आणि ती लवकर जात नाही.

पायऱ्यांच्या दर्शनी कडा कारखान्यातूनच कापून आणल्या. साइटवर ग्राइंडरने कापलेली कड चकचकीत, भाजल्यासारखी दिसते, ती सॉन-कटशी जुळत नाही. धार किंचित मोडून घेतली, दोन-तीन मिमी, नाहीतर पहिल्याच बादलीच्या धक्क्याला टवका उडतो. जे थोडं कापायचं राहिलं ते पाणी सोडूनच कापायचं, यावर मी अडून बसले. कोरड्या ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. मामांच्या हाताखालचा मुलगा जेमतेम विशीचा होता. त्याला मास्क दिला, आणि तो काढला की काम थांबवायचं, असं ठरलं.

दगडात पाणी आणि डाग मुरू नयेत म्हणून लावतात तो सीलर लगेच लावला नाही. खाली ओल असताना सील केलं की ती आत कोंडते आणि वर पांढरट झाक येते. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून घाम दिसला की अजून थांबायचं. आमचं अंगण चौथ्या वेळी कोरडं निघालं. मग आत मुरणारा, रंग न बदलणारा सीलर लावला. दुसरा एक प्रकार दगडाला कायमचा ओला रंग देतो, पण त्या फिकटपणासाठीच तर हा दगड निवडला होता.

चार लाद्या जास्तीच्या उरल्या आहेत. त्या खोलीत न ठेवता अंगणाच्या कोपऱ्यात उन्हापावसात ठेवल्या आहेत, रेघांची बाजू वर येईल अशा, म्हणजे पुढेमागे एखादी लादी बदलावी लागली तर तिचाही रंग बाकीच्यांबरोबरच उतरलेला असेल.