शंभर बेलच्यांतले सात

अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा डोळ्यांसमोर एकच वर्ग उभा राहिला. नववी 'ब', पश्चिमेच्या खिडकीजवळचा तिसरा बाक आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला शब्द : उष्णता.

मार्च १९७४. रेल्वेच्या देशव्यापी संपाला अजून दोन महिने होते, पण भुसावळात घराघरात त्याचीच बोलणी चाललेली. वर्गातली निम्मी मुलं रेल्वेवाल्यांची. माझे वडील, अण्णा, वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, भट्टीत बेलच्यानं कोळसा टाकायचे. सकाळची शाळा सुरू झाली होती, तरी दहा वाजता बाकाची कड हाताला चटका द्यायची. अशा दिवसांत आमच्या विज्ञानाच्या सरांनी हा धडा काढला. सरांचं नाव लिहीत नाही. त्या वर्षांतल्या कुणालाही 'थर्मामीटरवाले सर' म्हटलं की पुरे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पत्र्याच्या नळीत घातलेला थर्मामीटर कायम असायचा.

पहिल्याच तासाला त्यांनी मला उभं केलं. "तुझे वडील फायरमन ना? भट्टीतली ठिणगी उडून हातावर पडली तर काय करतात?"

"झटकून टाकतात सर."

"आणि काल तू उशिरा का आलास?"

मायचा हात भाजला होता म्हणून. ज्वारीच्या बिबड्यांचा घाटा शिजत होता, झाकण काढताना वाफ मनगटावर आली आणि वीतभर कातडी सोलून निघाली. हे मी सांगितलं. सर म्हणाले, "ठिणगी लालभडक. वाफ फक्त शंभर अंशांची. मग जास्त कशानं भाजायला हवं?"

वर्ग गप्प. सरांनी त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. ठिणगीचं तापमान खूप, पण ती मोहरीच्या दाण्याहून लहान. तिच्याजवळ द्यायला उष्णता अशी किती असणार? तापमान म्हणजे एखादी वस्तू किती तापली आहे त्याचं माप. उष्णता म्हणजे जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाणारी ऊर्जा. दोन्ही शब्द आपण घरात एकमेकांच्या जागी वापरतो आणि तिथेच घोळ होतो. मग त्यांनी मायच्या मनगटाचा हिशेब फळ्यावर मांडला. एक ग्रॅम पाणी एका अंशानं तापवायला लागते ती एक कॅलरी. शंभर अंशांचं एक ग्रॅम पाणी अंगावर पडलं आणि अंगाइतकं, म्हणजे ३७ अंशांपर्यंत, निवलं तर ६३ कॅलरी देतं. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होताना ५४० कॅलरी देते आणि वर त्या ६३ वेगळ्या. या ५४० थर्मामीटरला दिसतच नाहीत, कारण वाफेचं पाणी होताना तापमान शंभरावरच थांबलेलं असतं. म्हणून तिचं नाव अप्रकट उष्णता. ग्लासगोत जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात ही लपलेली उष्णता ओळखली, वाफेच्या इंजिनात सुधारणा करणारे जेम्स वॅट त्यांचे स्नेही होते, हेही सरांनी सांगितलं. मला मात्र त्या दिवशी मायचाच हात दिसत होता. घरी गेलो आणि तिला म्हटलं, "माय, झाकण आपल्या बाजूनं उघडू नको, पलीकडून उघड." ती पुढे आयुष्यभर तसंच उघडायची.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी माठ आणला. शेजारी तांब्याचा हंडा. दोन्हींत दहा-दहा लिटर पाणी, दोन्ही व्हरांड्यात. किराणा दुकानातून मोठा तराजू मागून आणला होता. संध्याकाळी दोन्हीकडे ३७ अंश. रात्री पाळीपाळीनं जागायची परवानगी मिळाली आणि आम्ही सहा जण तिथेच सतरंजीवर झोपलो. सकाळी हंड्यात ३१, माठात २५. माठ वजनाला साडेसहाशे ग्रॅम कमी भरला.

सरांनी विचारलं, "दहा लिटर पाणी बारा अंशांनी निवायला किती उष्णता बाहेर जायला हवी?" एक लाख वीस हजार कॅलरी. त्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी लागतात. म्हणजे सगळी उष्णता बाष्पीभवनानंच गेली असं धरलं तरी २०७ ग्रॅम पुरेसे होते. मग उरलेले साडेचारशे ग्रॅम कुठे गेले? एकानं माठ गळतो म्हटलं, सरांनी खालची कोरडी फरशी दाखवली. उत्तर असं होतं की माठ निवत असताना बाहेरची गरम हवा रात्रभर त्याला उष्णता देतच होती. माठाला एकदा निववून भागत नाही, निवलेला ठेवण्यासाठी झिरपत राहावं लागतं.

तिथे मी माझ्या शाळकरी आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला. आजही तो मला तितकाच चांगला वाटतो. "सर, तुम्ही सांगितलं उष्णता आपोआप गरमाकडून गाराकडेच जाते. मग माठातलं पाणी हवेपेक्षा गार कसं झालं? गारातून काढून गरमाला दिलीच ना?"

सर खडू हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "उद्या सांगतो." उद्या नाही, परवा सांगितलं, पण 'मला विचार करावा लागेल' असं म्हणणारा शिक्षक मी तोपर्यंत पाहिला नव्हता, आणि त्या दोन दिवसांनी मला जे दिलं ते उत्तरानेही दिलं नसेल. उत्तर होतं ते आपल्या खानदेशाच्या हवेत. आपला उन्हाळा कोरडा. हवेला पाण्याची तहान लागलेली असते. पाण्याचे कण माठाच्या छिद्रांतून सुटून त्या कोरड्या हवेत पसरतात, आणि सुटताना मागच्या पाण्याची ऊर्जा घेऊन जातात. उष्णता उलटी वर चढते खरी, पण तिची किंमत हवेचा कोरडेपणा देतो. हवा दमट झाली की व्यवहार थांबला. म्हणून हाच माठ मुंबईत मे महिन्यात असा गार होत नाही, आणि म्हणूनच आपल्याकडेही जुलैत कूलर लावला की नुसतं चिकचिक होतं. फुकट काहीच उलटं जात नाही, दुसरीकडे काहीतरी पसरतं तेव्हाच जातं. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझियस यांनी १८६५ मध्ये याच हिशेबाला एन्ट्रॉपी हे नाव दिलं, हे मला कॉलेजात कळलं. तेव्हा मला नवं असं वाटलंच नाही, माठ आठवला.

आता त्या दिवसाकडे येतो, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

सर बोलता बोलता म्हणाले, वाफेचं इंजिन शंभर भाग कोळसा खातं आणि त्यातल्या सहा-सात भागांचंच गाडी ओढण्याचं काम होतं. मी हिशेब केला. अण्णा शंभर बेलचे कोळसा फेकतात, त्यातल्या सातांनी गाडी चालते. उरलेले त्र्याण्णव? अण्णांच्या पाठीवर तेल चोळून चोळून मला ती पाठ माहीत होती. संध्याकाळी मी रडवेला होऊन त्यांना हे सांगितलं. ते जेवत होते. भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "कोन म्हने?" आणि मग बराच वेळ काहीच नाही.

सकाळी रात्रपाळीहून ते घरी न येता सरळ शाळेत आले. डोक्याला रुमाल, अंगावर कोळशाची काळी धूळ, हातात डबा. दाराशी उभे राहून म्हणाले, "गुरुजी, एक विचारायचं होतं." सरांनी त्यांना आत बोलावलं आणि स्वतःची खुर्ची दिली. अण्णा खुर्चीवर बसले नाहीत. फळ्याजवळ गेले.

"तुम्ही सांगता ते खरं असंल," ते म्हणाले, "पण चिमणीतून जाणारी वाफ रिकामी जात नाही. काम करून आलेली वाफ आम्ही चिमणीच्या खाली नळीतून वर सोडतो. ती जाताना धूर ओढून घेते, त्या ओढीनं भट्टीत हवा शिरते. म्हणून तर गाडी जितकी जोरात ओढते तितका विस्तव पेटतो. ती वाफ गेली नाही तर कोळसा जळणारच नाही."

सरांनी खडू त्यांच्या हातात दिला. अण्णांनी वाकड्यातिकड्या रेघांनी भट्टी, नळ्या, चिमणी काढली. कोळसा एकदम ढीग करून टाकला तर काळा धूर निघतो, काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. थोडा थोडा, पातळ पसरून टाकायचा, हे सांगितलं. बॉयलरमध्ये दाब किती, तर चौरस इंचाला दोनशे दहा पौंड. वर्गातली मुलं अशी ऐकत होती की पंख्याचा आवाजही मोठा वाटला. मी तिसऱ्या बाकावर ताठ बसून होतो.

मग सर म्हणाले, "आता मी एक सांगतो, यात तुमच्या हाताची चूक एक टक्काही नाही." त्यांनी सादी कार्नो यांचं नाव लिहिलं. फ्रान्सचा तरुण इंजिनिअर, १८२४ मध्ये त्यानं दाखवून दिलं की उष्णतेतून काम काढायचं तर काही उष्णता थंड बाजूला सोडावीच लागते, आणि जास्तीत जास्त किती काम निघेल हे फक्त दोन तापमानांवर ठरतं. पुढे ते समीकरण निरपेक्ष तापमानात लिहिलं गेलं, त्यासाठी अंशांत २७३ मिळवायचे. अण्णांच्या इंजिनातली तापवलेली वाफ साडेतीनशे अंशांच्या आसपास, म्हणजे ६२३. बाहेर पडते ती शंभराला, म्हणजे ३७३. दोन्हींतला फरक ६२३ नं भागून पाहिला तर कितीही सुबक इंजिन बांधलं, तरी शंभरातले चाळीस ही कमाल. त्या चाळिसांतले पुन्हा धुरात, पत्र्यातून, घर्षणात जातात. "तुमच्या साताला मी शंभरातून मोजलं, ती माझी चूक," सर म्हणाले. "चाळिसातून मोजायला हवं."

अण्णांनी विचारलं, "वाफ शंभराच्या खाली सोडता आली तर?"

सरांनी चाळीस अंश धरून पुन्हा मांडलं. चाळिसाचे पन्नास झाले. अण्णा हसले. त्या दिवसांत ते क्वचित हसायचे.

ती चाळीस अंशांवरची वाफ मला पुढे तीस वर्षं रोज भेटली. मी भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटच्या संचावर काम केलं. तिथे वाफ ५४० अंशांना आत जाते, टर्बाइन फिरवते आणि कंडेन्सरमध्ये जवळजवळ निर्वात जागेत चाळीस-पंचेचाळीस अंशांना पाणी होते. कार्नोच्या हिशेबानं कमाल साठाच्या पुढे, प्रत्यक्षात पस्तिसाच्या आसपास. कंडेन्सरची उष्णता घेऊन आलेलं पाणी उंच मनोऱ्यात वरून शिंपडलं जातं, थोडं वाफ होऊन उडतं आणि बाकीचं निवतं. नवीन मुलांना मी तो मनोरा दाखवून सांगायचो, हा आपला माठ. मे महिन्यात कंडेन्सरला येणारं पाणीच गरम असतं, तिथलं व्हॅक्यूम कमी होतं आणि तोच कोळसा जाळून वीज कमी मिळते. तेव्हा कंट्रोल रूममध्ये काट्याकडे बघताना थंड बाजू किती महत्त्वाची असते हे अंगावर येतं. लोक भट्टीकडे बघतात. माझं लक्ष कायम कंडेन्सरकडे असायचं.

अण्णा निवृत्त झाल्यावर त्यांना एकदा केंद्र बघायला नेलं. ते टर्बाइनपाशी थांबले नाहीत. मनोऱ्याखाली उभे राहून पडणाऱ्या पाण्याचे तुषार त्यांनी तोंडावर घेतले आणि विचारलं, "हे किती?" मी म्हटलं, "शंभरातले पस्तीस, अण्णा." ते म्हणाले, "गुरुजींना कळव." सर तेव्हा नव्हते.

लिहायचं राहिलं ते शिशाच्या गोळ्यांचं. सरांनी एक मीटर लांबीचं पुठ्ठ्याचं नळकांडं कापडाच्या दुकानातून आणलं होतं, आणि तापीवरच्या भोई लोकांकडून जाळ्याला लावायच्या शिशाच्या बारीक गोळ्या. गोळ्या नळकांड्यात घालायच्या, दोन्ही तोंडांना बूच, आणि पन्नास वेळा झटक्यानं उभं-उलटं करायचं. फळ्यावर आधीच उत्तर काढून ठेवलेलं : पावणेचार अंश वाढायला हवेत, गोळ्या कितीही घेतल्या तरी. कारण पडताना मिळालेली ऊर्जा वजनाबरोबर वाढते आणि तापवायला लागणारी उष्णताही वजनाबरोबरच. पाण्याचं मात्र तसं सहज होत नाही. एका अंशासाठी ते सातपुड्याच्या कड्यावरून ४२७ मीटर खाली पडायला हवं. मँचेस्टरजवळचे जेम्स जूल याच हिशेबासाठी १८४० च्या दशकात वजनं खाली सोडून पाण्यात पाती फिरवत बसले होते.

आम्ही पाळीपाळीनं पन्नास मोजले. साडेएकतीसचे साडेचौतीस झाले. तीनच अंश. सरांनी वहीत तीनच लिहायला लावलं, आणि उरलेला पाऊण अंश पुठ्ठ्यात, बुचात आणि घसरत आलेल्या गोळ्यांत शोधायला सांगितला.

हे सगळं साहित्य मी या महिन्यात प्रयोगशाळेत ठेवून आलो आहे. नळकांडं नवं आहे, गोळ्या सव्वा किलो आहेत, थर्मामीटर शाळेचाच लागेल. उलटं करताना बूच तळव्यानं घट्ट दाबून धरा. प्रत्येक वेळी गोळ्या पूर्ण खाली आल्याचा आवाज ऐकूनच पुढचा झटका द्या, नाहीतर त्या घसरतात आणि आकडा कमी येतो. शिसं हाताळलं की साबणानं हात धुवायचे, मगच डबा उघडायचा.