पाठीवरच्या दोन नळ्या

बर्लिनला आलेला प्रत्येक भारतीय पूर्व-पश्चिम बर्लिनमधल्या चेकपॉइंट चार्ली या जुन्या सीमाचौकीवर फोटो काढतो, तसा मीही काढला. बाजूच्या भिंत-संग्रहालयात मात्र पाऊस टाळायला म्हणून शिरलो. पूर्व जर्मनीतून पळून जाण्यासाठी केलेल्या चोरकप्प्यांच्या गाड्या, फुगे वगैरे बघत असताना एका यंत्रापाशी थबकलो. आधी वाटलं, विहिरीवरचा पंप. पाटी वाचली तेव्हा कळलं, हे माणसाला पाण्यातून ओढत नेणारं इंजिन आहे, आणि ते धरून एक माणूस खरोखरच देश सोडून गेला होता.

मी डायव्हिंग शिकलो तारकर्लीला. तिथं सामान भाड्याने मिळतं, कुठल्या देशात बनलंय ते कुणी बघत नाही. पूर्व जर्मनीत हा प्रश्न फार मोठा होता, कारण पश्चिमेचं सामान घ्यायचं तर पश्चिमेचं चलन हवं, आणि तेच नव्हतं. मग जे हवं ते घरीच बनवायचं. त्यासाठी सरकारला सापडला लाइपझिगचा 'मेडिझिनटेक्निक' कारखाना. नावावरूनच कळतं, धंदा वैद्यकीय उपकरणांचा. रोग्याला श्वास देणारे आणि बुडी मारणाऱ्याला श्वास देणारे एकाच छपराखाली आले, हे मला तरी पटण्यासारखं वाटतं.

लाइपझिगला मैत्रिणीच्या सासऱ्यांकडे उतरलो होतो. बोलता बोलता डायव्हिंगचा विषय निघाला, तसे आजोबा गॅरेजमध्ये गेले आणि एक लाकडी पेटी घेऊन आले. आत 'हायड्रोमॅट 66', त्याच कारखान्याचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासापुरती सोडणारा डबा. आता आपण वापरतो तसा तोंडाशी बसणारा नाही. डबा मानेच्या मागे, सिलिंडरच्या तोंडाशी बसतो आणि तिथून दोन जाड, वळ्यावळ्यांच्या रबरी नळ्या दोन्ही खांद्यांवरून तोंडापर्यंत येतात. एकीतून हवा येते, दुसरीतून सोडलेला श्वास मागे जातो. बुडबुडे डोक्यामागे फुटतात, त्यामुळे डोळ्यांसमोर पाणी स्वच्छ राहतं. फोटो काढणाऱ्यांना ते फार आवडायचं म्हणे.

पण गंमत पुढे आहे. श्वास ओढला की हलून हवा सोडणारा डब्यातला पडदा मानेच्या मागे आणि आपली फुप्फुसं छातीत, म्हणजे दोघांवरचा पाण्याचा दाब वेगळा. पालथं पोहताना डबा फुप्फुसांच्या वर, म्हणून श्वास जोर लावून ओढावा लागतो. उताणं झालं की डबा खाली जातो आणि हवा न मागता ढकलली जाते. तोंडातला भाग काढून डोक्याच्या वर धरला तर ती सुसाट सुटते. श्वास मागे नेणारी नळी पार पडद्यापाशी का नेलीय, तेही तेव्हा कळलं. श्वास बाहेर सोडायची झडप तोंडाशी असती तर हवा आपोआप वाहत राहिली असती. आजोबांनी हे सगळं जेवणाच्या टेबलावर, काटे-चमचे हलवून समजावलं. आजींना टेबल हवं होतं, म्हणून व्याख्यान आवरतं घ्यावं लागलं.

त्याच कारखान्याचं 'मेडी 713' हे ऑक्सिजनचं बंद चक्राचं यंत्रही होतं. सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्यासारख्या रसायनात शोषला जातो, ऑक्सिजन पुन्हा वापरला जातो, बुडबुडे नाहीत. अडचण एवढीच की शुद्ध ऑक्सिजन सहा-सात मीटरच्या खाली विषासारखा वागतो.

हे सगळं वापरायचं कुणी? 1952 साली स्थापन झालेल्या 'क्रीडा व तंत्र संघटने'च्या, म्हणजे जीएसटीच्या, सभासदांनी. नाव क्रीडेचं, वळण लष्करी. आजोबा तिथंच शिकले, तलावांत. समुद्राचं नाव निघालं की ते नुसते खांदे उडवत. बाल्टिकच्या किनाऱ्यावर साधी हवेची गादी घेऊन पाण्यात उतरण्यावरही बंधनं होती, मग सिलिंडरची गोष्टच सोडा.

म्हणून तो किनारा बघायला गेलो. बाड डोबेरानहून 'मोल्ली' नावाची वाफेची छोटी गाडी क्यूलुंग्सबोर्नला जाते. 1886 सालची, 900 मिलिमीटर रुळांची, गावात तर चक्क रस्त्यावरून दुकानांसमोरून धावते. आमची माथेरानची गाडी त्याहून अरुंद, हे मी शेजाऱ्याला अभिमानाने सांगितलं. त्याला काहीच फरक पडला नाही.

क्यूलुंग्सबोर्नच्या वाळूपाशी सीमारक्षकांचा काँक्रीटचा बुरूज अजून उभा आहे. इथूनच 1971 च्या जुलैत पेटर ड्योब्लर हा डॉक्टर सुमारे 45 किलोमीटर पोहत पश्चिम जर्मनीच्या फेहमार्न बेटाला पोचला. लागले चोवीस तासांच्या आसपास. या समुद्रातून निसटायच्या प्रयत्नात शंभराहून अधिक माणसं मेली.

बुरुजाखाली मी हिशोब मांडला. दहा लिटरची, 200 बार म्हणजे वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने भरलेली बाटली म्हणजे दोन हजार लिटर हवा. मिनिटाला वीस लिटर धरली तर पृष्ठभागाशीसुद्धा शंभर मिनिटं, आणि दहा मीटर खाली गेलात की निम्मी. पायांत फिन, म्हणजे रबरी पंख, घालून तासाला दोन-तीन किलोमीटर कापणाऱ्याला ती जेमतेम किनारा नजरेआड करून देईल. एवढ्या पहाऱ्यातल्या नळ्या पलायनाला फारशा उपयोगाच्या नव्हत्याच.

ते बर्लिनच्या संग्रहालयातल्या त्या यंत्राच्या मालकाला पक्कं कळलं होतं. सेब्निट्झचा बेर्न्ड ब्योटगर. पहिल्या यंत्राच्या वेळी पकडला गेला, शिक्षाही झाली. मग त्याने सायकलला लावायच्या इंजिनाचं दुसरं यंत्र केलं आणि सप्टेंबर 1968 मध्ये ग्राल-म्युरिट्झपाशी पाण्यात शिरला. सुमारे 25 किलोमीटरवर डेन्मार्कच्या गेडसर दीपनौकेने (दीपस्तंभासारखा दिवा दाखवणाऱ्या नांगरलेल्या बोटीने) त्याला वर घेतलं. पुढे पश्चिम जर्मनीतल्या इलो कंपनीने त्याच कल्पनेवर 'अ‍ॅक्वा स्कूटर' काढला. पूर्व जर्मनीच्या पाण्यातली सगळ्यात हुशार वस्तू कारखान्याबाहेर जन्मली आणि विकली गेली पलीकडे. ब्योटगर 1972 साली स्पेनमध्ये पाण्यातच मरण पावला.

संध्याकाळी आजोबांना बुरुजाचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं : पाणी किती अंश होतं? मी सोळा म्हणून कळवलं. घोट्यापलीकडे उतरलो नव्हतो, ते काही लिहिलं नाही.