ठमीची भूल आणि तिचा हिशेब

आमची मांजर ठमी ११ वर्षांची असताना मान कलती करून एकाच बाजूने चावू लागली आणि काही दिवसांनी ताटलीजवळ जाऊन, नुसता वास घेऊन परत फिरू लागली. डॉक्टरांनी तिच्या खालच्या जबड्यात एका दातावर चढलेली लाल हिरडी दाखवली आणि दात विरघळत असावेत अशी शंका व्यक्त केली. मांजरांमध्ये हा विकार बराच आढळतो. किडलेल्या दातासारखे यात दात भरून भागत नाही, बहुतेक वेळा तो काढावाच लागतो, आणि मुळाशी किती हानी झाली आहे हे दातांचा एक्स-रे काढल्याशिवाय समजत नाही. जागे मांजर त्यासाठी तोंड उघडून स्थिर राहणे शक्य नसल्यामुळे तपासणीलाही भूल लागते.

खर्चाचा अंदाज ऐकून मी सुन्न झाले. आमची सहा महिन्यांची शिल्लक त्यात जाणार होती. त्यातला मोठा वाटा भुलेचा आहे एवढेच त्या दवाखान्यात तोंडी सांगितले गेले. तपशील मागितला तेव्हा ‘सगळे धरून एवढे होतात’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. याचे मला फार वाईट वाटले, कारण पैसे देण्याची माझी तयारी होती, पण ते कशासाठी द्यायचे हे समजून घेण्याचा माझा हक्क होता. रक्ततपासणीचे अहवाल मागून घेऊन मी दुसऱ्या दवाखान्यात गेले. मधल्या काळात भूल न देता दात साफ करून घेण्याचा स्वस्त मार्गही मला सुचवला गेला. त्यात दाताचा दिसणारा भाग तेवढा खरवडला जातो, हिरडीखालचे दुखणे तसेच राहते, म्हणून मी तो विचार सोडला. घरातली वेदनाशामक गोळी देऊन पाहण्याचा सल्ला तर ऐकूच नये असा आहे, कारण पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते.

दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर एकेक बाब लिहून दिली आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले. भुलेचे औषध हा त्या रकमेचा लहानसा भाग होता. उरलेले पैसे शिरेत बसवायची सुई, सलाईन, श्वासनलिकेत घालायची नळी, प्राणवायू, अंग गरम ठेवणारी गादी, रक्तदाब, नाडी आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रे यांचे होते, आणि मुख्य म्हणजे शस्त्रक्रियेला हात न लावता केवळ भुलेवर लक्ष ठेवणाऱ्या एका प्रशिक्षित व्यक्तीच्या वेळेचे होते. मांजराचा देह लहान असल्यामुळे भुलेत तो झपाट्याने थंड पडतो, आणि स्वरयंत्र इतके संवेदनशील असते की नळी घालताना ते आवळले जाऊ शकते, म्हणून आधी तिथे बधिर करणारे औषध लावतात. ब्रिटनमधील २००८ सालच्या एका मोठ्या अभ्यासात भूल दिलेल्या मांजरांपैकी सुमारे ०.२४ टक्के दगावल्याचे आढळले होते. निरोगी मांजरांमध्ये हे प्रमाण ०.११ टक्के, तर आजारी मांजरांमध्ये १.४० टक्के होते. त्यातले निम्म्याहून अधिक मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतर, बहुतांशी पहिल्या तीन तासांत झाले होते. हे कळल्यावर शुद्धीवर येतानाच्या देखरेखीचे पैसे कमी करा असे म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

कपात झाली ती अन्य बाबींत. आठवड्यापूर्वीचे मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइडचे अहवाल त्यांनी ग्राह्य धरले. हृदयाचे ठोके ऐकताना जास्तीचा आवाज आला नाही, तरी मांजरांचा हृदयविकार पुष्कळदा लपून राहतो हे त्यांनी स्पष्ट सांगितले. हृदयाची सोनोग्राफी करायची की नाही हे त्यांनी माझ्यावर सोपवले आणि मी ती करून घेतली. एक्स-रे आणि दात काढणे एकाच भुलेत उरकायचे, खर्च ठरलेल्या कमाल रकमेपुढे जाऊ लागला तर मला फोन करायचा, आणि बिल दोन हप्त्यांत भरायचे, असे ठरले.

आदल्या रात्री आणि निघण्यापूर्वी दोन तास तिला शांत करणारे औषध दिले. चार तासांनी फोन आला: तीन दात काढले होते, नळी काढली होती, ती मान उचलत होती. घरी आल्यावर पहिल्या दिवशी ती काही खाईना. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचण्याचा धोका असतो, हे सांगितलेले असल्यामुळे मी घाबरले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोमट करून दिलेले मऊ अन्न तिने चाटून पुसून खाल्ले.

टाके तपासायला गेले तेव्हा मी भुलेच्या नोंदींची प्रत मागून घेतली. दर पाच मिनिटांचे आकडे हाताने लिहिलेले होते. मध्येच एका ओळीत रक्तदाब खाली उतरलेला दिसत होता, शेजारी ‘गॅस कमी केला, सलाईन वाढवले’ असे बारीक अक्षरांत लिहिले होते, आणि पुढच्या दोन ओळींत आकडा पुन्हा वर आला होता. तो कागद मी बिलासोबत जपून ठेवला आहे.